पडद्यावरचा मुसलमान राहतो कुठे?

हिंदी चित्रपटातला मुसलमान ओळखायला वेळ लागत नाही. एक तर तो लखनौच्या हवेलीत राहतो, शेरवानी घालतो, झुकून आदाब करतो आणि प्यायला पाणी मागतानाही शेर म्हटल्यासारखा बोलतो. नाही तर तो कव्वाल असतो, पठाण असतो, किंवा नायकासाठी छातीवर गोळी झेलणारा इमानी दोस्त असतो. बाई असेल तर पडद्याआडची शहजादी, नाही तर कोठ्यावरची तवायफ. 'मुगल-ए-आझम' (१९६०), 'मेरे मेहबूब' (१९६३), 'पाकीजा' (१९७२) हे चित्रपट आपल्या घरांतल्या दोन पिढ्यांनी डोळे भरून पाहिले. त्यांचे देखणेपण आम्ही नाकारत नाही. पुढे १९९० नंतर हवेली गेली, तळघर आले आणि मुसलमानाच्या हातातल्या गुलाबाच्या जागी बंदूक आली. नवाबापासून अतिरेक्यापर्यंतच्या या प्रवासात एक गोष्ट मात्र बदलली नाही. हा मुसलमान कुठल्याच गावचा नसतो.

आमच्या मालवण किनाऱ्यावरचा मुसलमान असा दिसत नाही आणि असा बोलतही नाही. तो होडी घेऊन समुद्रात जातो, जहाजावर खलाशी असतो, बाजारात दुकान चालवतो, हंगामात आंब्याच्या बागा घेतो, नाही तर आखातात वर्षानुवर्षे राबतो. घरात तो कोकणी-मालवणी बोलतो, मुलांना उर्दू शाळेत घालतो आणि तहसील कचेरीतला अर्ज मराठीत लिहितो. वाटेत भेटलेल्या शेजाऱ्याला तो 'खंय चललंस?' असेच विचारतो. 'कहाँ तशरीफ ले जा रहे हैं' असे म्हणाला तर शेजारी त्याला तापबीप आला की काय म्हणून पाहील.

हा फरक आम्हाला गमतीचा वाटत नाही, कारण त्याचे परिणाम वर्गात दिसतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना रोज जाणवते की, मुले घरी एक भाषा बोलतात, पुस्तकात दुसरी वाचतात आणि मुसलमान कसा असतो हे मात्र मोबाइलच्या पडद्यावरून ठरवतात. वाडीतल्या मराठी शाळेची मुलेही तोच पडदा पाहून आपल्याविषयी मत बनवतात. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना पाहायचे, ते मुंबईत बसून कुणी तरी लिहिलेल्या पात्रांच्या आडून. म्हणून कोणते चित्रपट पाहावेत हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

आपल्या बुजुर्गांचा यावर आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. सिनेमा पाहणे बरे नव्हे, असे मोहल्ल्यात आजही सांगितले जाते. जायज-नाजायजचा फैसला करणे आमचे काम नाही, ते उलेमांचे. पण वस्तुस्थिती अशी की, पडदा आता गावातल्या टॉकीजमध्ये राहिलेला नाही. तो प्रत्येक मुलाच्या खिशात आहे. मूल पाहणारच असेल तर काय पाहावे आणि कसे पाहावे, हे सांगणारा कुणी तरी मोठा माणूस जवळ असावा, एवढेच आमचे म्हणणे.

आम्ही चित्रपट निवडताना तीन साधे प्रश्न विचारतो. यातला मुसलमान पोटासाठी काय करतो? त्याचा शेजारी कोण आहे? आणि तो कुठली बोली बोलतो? या तिन्हींची उत्तरे ज्या चित्रपटात मिळतात, तो बहुधा पाहण्यासारखा असतो.

शेजारी

सुरुवात मराठीतूनच करू. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४१ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'शेजारी' हा चित्रपट काढला. हिंदीत तोच 'पडोसी'. पटकथा विश्राम बेडेकरांची. गावातले दोन म्हातारे, जिवबा आणि मिर्झा, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहणारे आणि बुद्धिबळाच्या पटावर भांडणारे मित्र. गावाजवळ धरण बांधू पाहणाऱ्या भांडवलदाराला जमिनी हव्या असतात आणि गाव एक असेपर्यंत त्या मिळत नाहीत. तेव्हा तो या दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि त्या पाण्यात दोघे मित्र हातात हात घेऊन बुडतात.

मुस्लिम लीगचा लाहोर ठराव मार्च १९४० चा. त्यानंतरच्या वर्षातच हा चित्रपट आला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे धैर्य कळते. त्याहून मोलाची आहे ती त्याची समज. दोन धर्म आहेत म्हणून भांडण झाले, असे 'शेजारी' म्हणत नाही. भांडणामागे जमीन आहे, ठेका आहे आणि फायदा घेणारा तिसरा माणूस आहे, हे तो स्पष्ट दाखवतो. आज कुठल्याही गावातल्या तंट्याच्या मुळाशी जाऊन पाहा, बहुतेक वेळा हाच तिसरा माणूस सापडेल. भूमिकांची वाटणीही सूचक होती. मराठीत केशवराव दाते जिवबा झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीत जागीरदारच मिर्झा राहिले आणि हिंदू ठाकूर रंगवला मजहर खान यांनी.

याच ओघात 'प्रपंच' (१९६१) आठवतो. त्यातल्या पोराबाळांच्या ओझ्याखाली पिचलेल्या गरीब कुंभाराची भूमिका शाहीर अमर शेख यांनी केली. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल हा शाहीर पडद्यावर चाक फिरवणारा मराठी कुंभार झाला आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही. मराठी चित्रपटाने मुसलमान कलावंताला आपला मानले. मुसलमान पात्राच्या बाबतीत मात्र त्याचा हात आखडता राहिला, त्याविषयी पुढे.

न गेलेल्यांची गोष्ट

एकच चित्रपट पाहायला वेळ असेल तर 'गर्म हवा' पाहावा. एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट १९७३ चा. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा जैदी यांनी तो लिहिला. आग्र्यातले सलीम मिर्झा जोड्यांचा कारखाना चालवतात. फाळणीनंतर नातलग एकेक करून पाकिस्तानात निघून जातात आणि हे मागे राहतात. मागे राहणे म्हणजे काय, ते चित्रपट घोषणा न देता दाखवतो. उद्या निघून जाल म्हणून कर्ज मिळत नाही. मुसलमान म्हणून भाड्याने घर मिळत नाही. शिकलेल्या मुलाला नोकरी नाही. भावाला हवेलीचा नकाशा पाठवला म्हणून हेरगिरीचा आळ येतो. म्हातारी आई हवेली सोडायला तयार नसते. मरताना तिला डोलीतून पुन्हा त्याच दारात आणावे लागते.

बलराज साहनी यांनी सलीम मिर्झा असा केला आहे की, अभिनय चालू आहे हे विसरायला होते. आवाज चढत नाही, खांदे मात्र दृश्यागणिक वाकत जातात. या चित्रपटाचे ध्वनिमुद्रण आटोपून लगेच, एप्रिल १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले; पूर्ण झालेला चित्रपट त्यांना पाहता आला नाही. दंगे भडकतील या भीतीने सेन्सॉरने तो अनेक महिने अडवून ठेवला. पुढे त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. २०१४ साली डागडुजी करून तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हाही त्यातले घराच्या भाड्याचे प्रसंग जुने वाटले नाहीत. शहरात खोली शोधणाऱ्या आपल्या पोरांना विचारा.

'गर्म हवा'च्या जोडीला श्याम बेनेगल यांचा 'मम्मो' (१९९४) पाहावा. फाळणीत नवऱ्यामागून पाकिस्तानात गेलेली मम्मो म्हातारपणी विधवा होऊन, घराबाहेर काढली जाऊन मुंबईला बहिणीकडे येते. तिला इथेच राहायचे आहे. तिच्याकडे नाते आहे, आठवणी आहेत, फक्त व्हिसा नाही. फरिदा जलाल यांची बडबडी, नाक खुपसणारी, लाघवी मम्मो आणि सुरेखा सिक्री यांची करवादणारी बहीण या दोघींतून एक खरे घर उभे राहते. आपल्याकडे अशी एखादी खाला किंवा फुफी नसलेले घर दाखवा! हुकूमनाम्याने माणूस गाडीत बसवता येतो, पण बहीणपण रद्द करता येत नाही, एवढे सांगून चित्रपट थांबतो.

तिसरा सईद अख्तर मिर्झा यांचा 'नसीम' (१९९५). मुंबईतली शाळकरी मुलगी, तिचे अंथरुणाला खिळलेले आजोबा आणि जून ते डिसेंबर १९९२ हा काळ. बाहेर रस्ता तापत चालला आहे आणि आत आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगत आहेत. हे आजोबा म्हणजे 'गर्म हवा' लिहिणारे कैफी आझमी. ६ डिसेंबरला, मशीद पडते त्याच दिवशी, आजोबा जातात. त्या वेळी वयात आलेल्यांना हा चित्रपट जड जाईल. पण आमच्या वर्गातली मुले त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी जन्मली. त्यांच्यासाठी तो इतिहासाचा धडा आहे, आणि त्यात कुणाविषयी द्वेष शिकवलेला नाही, हे त्याचे मोठेपण.

चाकरमानी आणि आखात

चाकरमानी हा शब्द कोकणाचा. पण चाकरमान्याची व्यथा पडद्यावर नेमकी आली ती उत्तर प्रदेशातल्या माणसाच्या रूपाने. मुजफ्फर अली यांच्या 'गमन' (१९७८) मध्ये फारूक शेख यांचा गुलाम हसन गाव सोडून मुंबईत टॅक्सी चालवायला येतो. घरी आई आणि बायको खैरुन. ती भूमिका स्मिता पाटील यांची. तो पैसे पाठवतो, पत्रे येतात-जातात, आणि घरी परत जाण्याइतके पैसे काही साठत नाहीत. यात नवाब नाही, बंदूक नाही. गाडीचे तिकीट आहे. जयदेव यांच्या संगीताला आणि छाया गांगुली यांच्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ज्या घरात मुंबईच्या किंवा कुवेतच्या पत्राची वाट पाहिली गेली आहे, त्या घराला हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही.

सागर सरहदी यांचा 'बाजार' (१९८२) मात्र आपल्याला अस्वस्थ करील, आणि म्हणूनच तो पाहावा. आखातातून पैसा कमावून आलेला पोक्त वयाचा माणूस, त्याला हैदराबादेत हवी असलेली कोवळी वधू आणि गरिबीने टेकीला आलेले आईबाप. खय्याम यांचे संगीत इतके गोड आहे की, लोक गाणी लक्षात ठेवतात आणि विषय विसरतात. निकाह होतो, कबूल होते, शरियतची सारी कलमे पाळली जातात, तरी तो सौदाच असतो. आखाताच्या पैशाने आपल्या किनाऱ्यावर पक्की घरे उभी राहिली, मुली शिकल्या, हे खरेच. त्या पैशाने स्थळांच्या अपेक्षा आणि लग्नांचा खर्च कुठे नेला, हेही आपण पाहतोच आहोत. दुसऱ्याने दाखवण्याआधी स्वतः आरसा पाहिलेला बरा.

मसला की माणूस?

आता पुन्हा मराठीकडे. शिवाजी लोटन पाटील यांचा 'हलाल' (२०१७) आपले ज्येष्ठ कथाकार राजन खान यांच्या कथेवर आधारलेला आहे. मराठी बोलणारे खेडे, मराठी बोलणारी मुसलमान माणसे. म्हणजे आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. तलाक झालेल्या बाईला पहिल्या नवऱ्याकडे परतायचे तर मध्ये दुसरा निकाह आणि दुसरा तलाक, या रूढीत सापडलेल्या बाईची ही कथा. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हा चित्रपट आला. त्यामुळे त्याच्याकडे कथा म्हणून कमी आणि वादाचा पुरावा म्हणून जास्त पाहिले गेले. वास्तविक ठरवून केलेल्या हलाल्याची हदीसमध्येच कडक निर्भर्त्सना आहे. चित्रपट पाहून घरात ही गोष्ट निघाली तरी पुष्कळ झाले.

याच दिग्दर्शकाच्या 'भोंगा' या चित्रपटाला २०१८ साठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजारी तान्हे मूल असलेले गरीब मुसलमान घर आणि मशिदीचा कर्णा असा त्याचा विषय. तो चित्रपटगृहांत आला २०२२ च्या मे महिन्यात, राज्यात भोंग्यांचे राजकारण ऐन भरात असताना. मशिदीच्या आवाजाचा त्रास खुद्द नमाजी घरालाही होऊ शकतो आणि त्यावर तोडगा जमातीने आपसात काढावा, हा त्यातला विचार त्या गदारोळात हरवून गेला.

हे दोन्ही चित्रपट आम्ही पाहायला सांगू. दिग्दर्शकाला आमच्या वस्तीत यावेसे वाटले, याचे आम्हाला अप्रूप आहे. तक्रार एवढीच की, मराठी चित्रपट मुसलमानाच्या घरी येतो तो काही मसला घेऊनच. तलाक, हलाला, भोंगा. मसला नसेल तेव्हा त्या घरात काय चालते? पोरगी दहावीला बसते, बापाची होडी बिघडते, दोन भावांत वडिलोपार्जित जागेवरून अबोला असतो, ईदच्या आदल्या रात्री शिंपी कपडे देत नाही. यातून कथा होत नाही काय?

होते. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मधला सल्या पाहा. सलीम हे त्याचे नाव, करमाळ्याच्या मातीची त्याची बोली, आणि पर्शाचा तो जिवाभावाचा दोस्त. तो मुसलमान आहे हे चित्रपट लपवत नाही आणि त्याचे भांडवलही करत नाही. मित्रासाठी तो मार खातो, तो दोस्त म्हणून. कुणाला निष्ठा दाखवण्यासाठी नव्हे. कोट्यवधी मराठी प्रेक्षकांना सल्या आपल्याच गल्लीतला वाटला. समाजात ऐक्य असावे म्हणून दिलेल्या भाषणांपेक्षा या एका पोराने जास्त काम केले, असे आमचे मत आहे. अर्थात 'सैराट' ही सल्याच्या घराची कथा नाही. (शेवट लहान मुलांना सोसणारा नाही, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.)

मलप्पुरमहून शिकण्यासारखे

मराठीत जे अजून व्हायचे आहे ते मल्याळममध्ये झाले आहे. 'सुदानी फ्रॉम नायजेरिया' (२०१८) हा झकारिया मोहम्मद यांचा चित्रपट मलप्पुरमच्या मोपला मुसलमानांत घडतो. तेही आपल्यासारखेच अरबी समुद्राच्या किनाऱ्याचे लोक, आखातात जाणारे, मासे-भात खाणारे. मजीद नावाचा तरुण गावचा फुटबॉल संघ चालवतो. त्याचा नायजेरियन खेळाडू सॅम्युअल जखमी होतो आणि मजीदच्या घरी येऊन पडतो. मजीदची आई आणि शेजारची म्हातारी त्याची शुश्रूषा करतात. त्यांना इंग्रजी येत नाही, त्याला मल्याळम येत नाही. काम अडत नाही. तो ख्रिस्ती आहे, परका आहे, त्याच्या कागदपत्रांचा घोळ आहे, पण घरात आलेला मेहमान आहे. बस्स!

या चित्रपटात कुणी उर्दू बोलत नाही, कुणी आदाब करत नाही. बाया डोक्यावर ओढणी घेऊन मल्याळममध्ये कुजबुजतात, नमाज पढतात, चहा करतात. आईने दुसरा निकाह केला म्हणून मजीद सावत्र बापाशी वर्षानुवर्षे धड बोललेला नाही. ती गाठ शेवटी कशी सुटते ते प्रत्यक्षच पाहावे. आम्ही उर्दूचे शिक्षक. उर्दू ही आमची रोजीरोटी आहे आणि मोहब्बतही. तरी सांगतो, मुसलमान असण्यासाठी पडद्यावर उर्दूच बोलली पाहिजे, ही समजूत या एका चित्रपटाने पुसून टाकली.

हिंदीत याच जातीचा चित्रपट म्हणजे नागेश कुकुनूर यांचा 'इकबाल' (२००५). शेतकऱ्याचा मुका-बहिरा मुलगा वेगवान गोलंदाज होण्याचे स्वप्न पाहतो. बाप अन्वर कर्जात आहे, त्याला हे वेड परवडत नाही. लहान बहीण खदीजा भावाचे कान आणि जीभ होते. इकबाल म्हशींना क्षेत्ररक्षक म्हणून उभ्या करून सराव करतो, ते दृश्य मुलांना फार आवडते. श्रेयस तळपदे या आपल्या मराठी नटाने एक शब्दही न बोलता सगळा चित्रपट पेलला आहे. घर मुसलमानाचे आहे, पण अडचण मुसलमानपणाची नाही. पैशाची आहे आणि संधीची आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांची अडचण हीच असते.

मुलांबरोबर पाहावेत असे

मुलांसाठी इराणकडे वळावे लागते. माजिद मजीदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) हा ऑस्करच्या परभाषा विभागात नामांकन मिळवणारा पहिला इराणी चित्रपट. अली बहिणीचे बूट हरवतो. बापाकडे नवे घेण्याइतके पैसे नाहीत हे दोघांना ठाऊक असते, म्हणून ती भावंडे एकच जोडी पाळीपाळीने वापरतात. गोष्ट एवढीच. पण त्यातले एक छोटे दृश्य आम्ही मुलांना मुद्दाम दाखवतो. बाप मशिदीसाठी साखरेचे खडे फोडत बसला आहे. मुलगी त्याला चहा आणून देते, तो साखर मागतो. समोर एवढी साखर आहे की, असे ती म्हणते. ती मशिदीची अमानत आहे, आपली नव्हे, असे तो सांगतो. अमानत म्हणजे काय, हे आम्ही दीनियातच्या तासाला पुस्तकातून समजावतो. हे दृश्य ते अर्ध्या मिनिटात करते.

अब्बास किआरोस्तमी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' (१९८७) मुलांहून जास्त शिक्षकांनी पाहावा. मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली, ती परत दिली नाही तर उद्या मास्तर त्याला शाळेतून काढतील, म्हणून आठ वर्षांचा अहमद शेजारच्या गावी धावत सुटतो. वाटेत भेटणारा एकही मोठा माणूस त्याचे बोलणे नीट ऐकून घेत नाही. ओरडणारे मास्तर वाईट नाहीत, आजोबाही वाईट नाहीत; सगळे शिस्तीच्या गोष्टी करतात आणि समोरच्या मुलाचा प्रश्न कुणाच्या कानात शिरत नाही. पटावर हजेरी मांडणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा हा चित्रपट पाहायला हरकत नाही.

आपल्याकडचा 'हमीद' (२०१८) काश्मीरचा. वडील बेपत्ता झालेल्या लहानग्याला कळते की ७८६ हा अल्लाहचा नंबर. तो त्याच्या पुढे-मागे आकडे जुळवून फोन लावतो आणि फोन उचलतो एक जवान. एजाज खान यांच्या या चित्रपटाला उर्दूतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि त्यातल्या तल्हा अर्शद रेशी या मुलाला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जवानाचे घर आणि मुलाचे घर या दोन्हींचे दुःख तो सारख्याच आस्थेने ऐकतो.

जे आज चालले आहे

अलीकडच्या चित्रपटांतून निवड करणे अवघड झाले आहे. 'द केरला स्टोरी' (२०२३) च्या जाहिरातीत ३२,००० मुलींचा आकडा देण्यात आला. वाद झाल्यावर त्या मजकुरात तो तीन झाला आणि ३२,००० च्या आकड्याला अधिकृत आधार नाही, असा खुलासा चित्रपटात दाखवण्याचे निर्मात्याने सर्वोच्च न्यायालयात मान्य केले. बत्तीस हजार आणि तीन! पहिला आकडा लोकांच्या डोक्यात बसला, खुलासा वाचायला कोण थांबतो? अशा चित्रपटांना शिव्या देत बसण्यापेक्षा हे दोन आकडे मुलांसमोर फळ्यावर लिहावेत आणि त्यांनाच विचारावे.

उलट बाजूचे चित्रपटही डोळे मिटून स्वीकारू नयेत. अनुभव सिन्हा यांचा 'मुल्क' (२०१८) नेक हेतूने काढलेला आहे, ऋषी कपूर यांचा मुराद अली मनात राहतो. पण त्यात मुसलमान घराला अखेर कोर्टात उभे राहून आपली देशनिष्ठा शाबीत करावीच लागते आणि तिचा दाखला मिळतो हिंदू सुनेच्या वकिलीने. चांगला मुसलमान म्हणजे परीक्षेत पास झालेला मुसलमान, हे गृहीतक तसेच राहते. सलीम मिर्झाने असा दाखला कुणाला दिला नव्हता.

म्हणूनच नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' (२०२५) आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पत्रकार बशारत पीर यांनी लिहिलेल्या एका खऱ्या घटनेवरून तो सुचला. शोएब आणि चंदन, एक मुसलमान आणि एक दलित, दोघांना पोलिसात भरती व्हायचे आहे. वर्दी आली की कुणी अपमान करणार नाही, ही भाबडी आशा. नोकरी लांबते, दोघे सुरतच्या गिरणीत जातात आणि २०२० च्या टाळेबंदीत गावाकडे पायी निघतात. एकच पोहोचतो. मैत्रीवर भाषण नाही, फक्त उन्हातला रस्ता आहे. 'शेजारी'तले दोन म्हातारे हातात हात घेऊन बुडाले, त्याला चौऱ्याऐंशी वर्षे झाली. ही जोडी त्यांच्याच कुळातली आहे.

अजून न निघालेला चित्रपट

ही यादी पुरी करताना एक रिकामी जागा उरते. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'मधून मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली रंगभूमीवर वाजवत-गाजवत आणली. २०२५ मध्ये सुबोध खानोलकर यांच्या 'दशावतार'ने सिंधुदुर्गाचे रान आणि दशावतारी कलावंत मोठ्या पडद्यावर आणला आणि दिलीप प्रभावळकरांचा बाबुली गावोगाव पोहोचला. आम्हीही तो कौतुकाने पाहिला. दशावताराच्या प्रयोगाला मुसलमान प्रेक्षक बसत आला आहे, त्यात नवल नाही. तो याच गावचा आहे. मात्र मालवणी किंवा कोकणी बोलणारे मुसलमान घर, त्याची होडी, त्याचा शेजारी, त्याची उर्दू शाळा आणि मराठी अर्ज घेऊन पडद्यावर आलेले आमच्या पाहण्यात नाही.

ते मुंबईहून कुणी येऊन करील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. झकारिया यांनी मलप्पुरमची गोष्ट सांगितली ती त्या लोकांतला होऊन. आपल्यात कथा लिहिणारे आहेत, हे असे अंक त्याची साक्ष देतात. 'हलाल'चे मूळ मराठी कथेत आहे, 'गर्म हवा'चेही मूळ एका कथेतच होते. मसला बाजूला ठेवून घराची कथा लिहिणारे हवेत. आणि ज्यांच्या हाती मोबाइल आहे त्या मुलांना कॅमेराही त्यातच आहे, हे कुणी तरी सांगायला हवे.

तोवर निदान पाहायला सुरुवात करावी. एकट्याने कानात नळी घालून नको. ईशानंतर घरातल्या चार जणांनी एकत्र बसून, शक्यतो शेजाऱ्यालाही बोलावून. पहिल्यांदा 'चिल्ड्रन ऑफ हेवन', म्हणजे लहानगेही बसतील आणि बुजुर्गांची भीती जाईल. मग 'इकबाल', मग 'सुदानी'. मुले जाणती झाली की 'नसीम' आणि 'मम्मो'. 'गर्म हवा' सर्वांत शेवटी ठेवावा, आणि तो संपल्यावर दिवा लगेच लावू नये. घरात कुणी तरी म्हातारे माणूस आपण होऊन बोलायला लागेल, त्याला बोलू द्यावे.